कॉन्टिनेन्टल जीपी ५००० एस टीआर, २८ एमएमचा सायकल टायर: वाईच्या रेस वीकेंडनंतर लिहितोय

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) २.२ दर्जाची, पाच दिवसांत ४३७ किलोमीटर, बाहेरच्या देशांतल्या टीम आपल्या घाटांमधून सुसाट जाताना बघितल्या आणि तेव्हापासून आमच्या सायकलिंग ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंय की मला पण हौशी रेस मारायच्यात, सायकल आहे साधी अॅल्युमिनियमची, पैसे आहेत पंधरा-वीस हजार, कशावर घालू. नव्वद टक्के लोक सांगतात थोडे अजून साठव आणि कार्बन व्हील घे. माझं मत वेगळं आहे आणि ते फेब्रुवारीतल्या वाईच्या शनिवार-रविवारनंतर अजून पक्कं झालं, म्हणून हा रिव्ह्यू. आधी टायर बदला. बाकी सगळं नंतर.

वापरलेला टायर म्हणजे कॉन्टिनेन्टलचा ग्रँड प्री ५००० एस टीआर, ७०० बाय २८, पुढे मागे दोन्ही सेम. एस टीआर म्हणजे ट्यूबलेस रेडीवाला, आत ट्यूब न घालता चालणारा. साधा ट्यूबचा जीपी ५००० हा २०१८ चा, हा एस टीआर त्यानंतर २०२१ मध्ये आला. बनतो जर्मनीत, कोरबाखच्या फॅक्टरीत. २८ चं वजन कंपनी २८० ग्रॅम सांगते. रबर कंपाउंड त्यांचं नेहमीचं ब्लॅक चिली, आणि ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या) खाली व्हेक्ट्रन नावाच्या मजबूत धाग्याचा एक पट्टा असतो जो काटा-काच आत जाऊ न देण्याचं काम करतो. हा पट्टा फक्त मधल्या भागात असतो, बाजूच्या भिंतीत नसतो, हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल. मला एक टायर सात हजारांच्या आसपास पडला, म्हणजे जोडी चौदा, वर टेप, व्हॉल्व्ह, सीलंट (आत ओतायचं, भोकं बुजवणारं द्रव). स्वस्त नाही हे मान्यच. पण चौदा हजारात चांगल्या कार्बन व्हीलचं एक चाकसुद्धा सहसा येत नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका. सायकलवर आपण जे वॅट लावतो त्यातले काही वारा खातो, काही चढ खातो, आणि काही टायर खातो, कारण टायर फिरताना सतत दबतो आणि परत फुगतो आणि त्या दबण्या-फुगण्यात एनर्जी उष्णता होऊन जाते. रबर आणि आतलं कापड जितकं लवचिक तितकं हे नुकसान कमी. समजा तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, स्पीड ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. जाड ट्रेनिंग टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा ०.००६ धरा आणि चांगल्या रेस टायरचा ०.००४. पहिल्यात ४७ वॅट जातात, दुसऱ्यात ३१. सोळा वॅटचा फरक, तो पण बसल्या जागी. आता हेच कार्बन व्हीलचं बघा. व्हीलचा जोड ४०० ग्रॅमने हलका घेतला आणि ६ टक्के चढावर ताशी १४-१५ ने चाललाय, तर वाचतो किती, साधारण एक वॅट. त्याच चढावर त्याच स्पीडला टायरमुळे सहा वॅट वाचतात. डीप म्हणजे उंच कडेच्या रिमचा वाऱ्यात फायदा असतो, तो नाकारत नाही, पण पैशाच्या हिशोबात टायरच्या जवळ काहीच येत नाही आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

बसवण्याबद्दल. याच्या आधीचा ट्यूबलेस, जीपी ५००० टीएल, बसवताना लोकांचे अंगठे सोलायचे, एस टीआर त्या मानाने सोपा आहे, माझ्या रिमवर (आतून २१ एमएम, हूकवाली म्हणजे टायर धरून ठेवणारी आकड्यासारखी कड असलेली) लिव्हर न लावता हातानेच बसला. युक्ती एवढीच की व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करायची, बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत ढकलत यायचं आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. कडेला साबणाचं पाणी लावा. मग कॉम्प्रेसर. घरी बूस्टरवाला पंप नसेल तर प्रेस्टा (सायकलचा बारीक व्हॉल्व्ह) ते श्रेडर (गाडीचा जाड व्हॉल्व्ह) अडॅप्टर घ्या, वीस-तीस रुपयाची पितळी टोपी असते, ती लावून कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मारता येते. फक्त त्याला सांगा दादा हळू मारा, गाडीचा टायर नाहीये, आणि टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या वर जाऊ देऊ नका. टक टक असे दोन आवाज आले की बीड बसला.

माझं पहिलं ट्यूबलेस सेटिंग पुण्यातल्या एका दुकानात करून घेतलं होतं, नाव सांगत नाही, त्यांनी रिम टेप अरुंद लावली आणि रोज सकाळी चाक मऊ. टायरला शिव्या बसत होत्या आणि दोष टेपचा होता. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार एमएम जास्त हवी, २१ ला २३ ते २५ ची. टेप बदलली, त्यानंतर हवा आठवड्याला थोडी उतरते तेवढीच, जी कुठल्याही ट्यूबलेसमध्ये उतरतेच.

शनिवारी टाइम ट्रायल होती. वाईतून सुरूर फाट्याकडे आणि परत, वीसेक किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, एकेकाला एक एक मिनिटाने सोडत होते. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना फेब्रुवारीत तिथले रस्ते कसे असतात ते सांगायला नको. गाळप हंगाम जोरात, भुईंजच्या किसनवीर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस, रस्त्यावर पाचट पडलेलं, उसाची कांडकी चेपून चिकट झालेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बैलांच्या नालेचे खिळे. कडेला बाभळी आहेतच. अशा रस्त्यावर २८० ग्रॅमचा टायर घेऊन जाताना पोटात गोळा येतो.

आणि आलाच प्रसंग. परतीला, साधारण निम्म्यावर, मागच्या चाकातून फुस्स फुस्स असा तालात आवाज आणि पिंडरीवर थंड शिंतोडे. सीलंट उडत होतं. टाइम ट्रायलमध्ये थांबलात तर संपलं, म्हणून तसाच पायडल मारत राहिलो, दहा-बारा फेऱ्यांत आवाज बंद झाला. रूमवर येऊन गेज लावला तर ६५ पीएसआयचे ५० च्या थोडं वर राहिले होते, आणि ट्रेडमध्ये बाभळीचा काटा मोडून बसलेला. काढला, परत चाक फिरवून ते भोक खाली येईल असं पाच मिनिटं ठेवलं, हवा भरली, रविवारी तेच चाक घेऊन उतरलो. ट्यूब असती तर माझी शनिवारची रेस तिथेच रस्त्याच्या कडेला पाचटात बसून गेली असती. हा एक प्रसंग मला टायरच्या सगळ्या ब्रोशरपेक्षा जास्त पटला.

सीलंटबद्दल पण बोललं पाहिजे कारण लोक टायर महागाचा घेतात आणि सीलंट एकदा ओतून विसरतात. आपल्याकडच्या उन्हात लॅटेक्सवालं सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकून रबराची साय होते आणि मग ते ट्यूबलेस नावालाच. २८ च्या टायरला ३०-४० मिली, रेसच्या आधीच्या आठवड्यात व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतली पिन) काढून काडी घालून बघायचं ओलं आहे का. कोअर पण चिकटतात, स्पेअर ठेवा. मोठी चीर गेली तर सीलंट काही करू शकत नाही, त्यासाठी प्लग किट (चिरेत खुपसायच्या रबरी पट्ट्या), आणि त्याच्याही पुढचं काही झालं तर टीपीयू म्हणजे पातळ प्लास्टिकची ट्यूब, वजन चाळीस ग्रॅमच्या आत, खिशात कळत पण नाही.

रविवारची रोड रेस ही खरी परीक्षा होती. वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने खाली मेढा आणि मेढ्यातून सातारच्या अलीकडे फिनिश. नव्वद किलोमीटरच्या आत पण अंगावर येणारा रूट, कारण वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे-सहाशे मीटर चढायचं आणि ते अगदी सुरुवातीलाच, पाय गरम व्हायच्या आत.

प्रेशर पुढे ६२ मागे ६५, माझं वजन ६८ किलो. इथे जुन्या लोकांशी माझा कायम वाद होतो. २३ चे टायर आणि १२० पीएसआयच्या जमान्यात शिकलेली मंडळी टायर बोटाने दाबून बघतात आणि म्हणतात अरे हवा भर की. तेव्हा टायर दगडासारखा कडक म्हणजे फास्ट असं सगळेच मानायचे. खरं तर खडबडीत डांबरावर कडक टायर उड्या मारतो, प्रत्येक खड्याला सायकल आणि आपण वर उचलले जातो आणि ती एनर्जी आपलीच जाते. रुंद टायर कमी हवेत खडीवरून लोळत जातो. पॅरिस-रुबेला, दगडी फरसबंदी रस्त्यांवरच्या त्या रेसला, प्रो लोक आता ३२ आणि त्याच्यावरचे ट्यूबलेस लावतात ते उगाच नाही. आपले राज्यमार्ग रुबेइतके वाईट नसतील पण गावाच्या हद्दीतल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंबलरवरून बंचमध्ये (रायडर्सच्या घोळक्यात) ४० ने जाऊन बघा म्हणजे कळेल. पूर्वी त्या पट्ट्यांवर ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची, दोन भोकं शेजारी शेजारी, सापाने चावल्यासारखी. ट्यूबच नाही म्हटल्यावर तो प्रकार संपला.

अजून एक गोष्ट रेसला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. पहाटे १५ डिग्रीला ६५ भरली आणि सायकल दुपारी ३५ च्या उन्हात उभी राहिली की तीच हवा ७० होते. आणि गाडीत काचा बंद करून ठेवली तर त्याच्याही वर. म्हणून प्रेशर स्टार्टच्या आधी अर्धा तास बघायचं, आदल्या दिवशी नाही. हूकलेस (बिनआकड्याच्या सरळ कडेची) रिम असेल तर हे अजून महत्त्वाचं कारण तिथे मर्यादाच ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआय आहे. एस टीआर हूकलेसला चालतो, पण रिमची आतली रुंदी आणि टायरची साइज जुळते का हे दोन्ही कंपन्यांच्या चार्टमध्ये बघूनच घ्या, २०२४ च्या यूएई टूरमध्ये बेल्जियमचा प्रो रायडर थॉमस डी खेंट याचा टायर हूकलेस रिमवरून सुटला आणि तो पडला तेव्हापासून या विषयावर प्रोंमध्ये पण बरीच खडाजंगी झाली. मी अजून तरी हूकवालीच रिम वापरतो, मनाला शांतता.

स्टार्टला सगळी सरमिसळ होती. कार्बनवाले, आमच्यासारखे पस्तिशीपुढचे, आणि सांगली-कोल्हापूरकडची पोरं जी जत्रेच्या रेस मारून तयार झालेली असतात, त्यातल्या काहींनी बिनगिअरच्या सायकलवरच शर्यती जिंकायला शिकलेलं असतं. त्या पोरांचं बंचमधलं कौशल्य बघण्यासारखं असतं. पसरणीला पहिल्या दोन किलोमीटरमध्येच अटॅक गेला, मी त्या ग्रुपला लागायचा प्रयत्न केला, बुवासाहेबांच्या मंदिराच्या वर मला सोडावं लागलं, मागून आलेल्या सहा-सात जणांच्या ग्रुपमध्ये बसलो. त्यातला एक मिरजेचा पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, मला म्हणाला "दादा गॅप देऊ नका, चाकाला लागा चाकाला". लागलो. पाचगणीत टेबललँडच्या थंड वाऱ्यात पोचलो तेव्हा पुढचे दिसत नव्हते पण ग्रुप चांगला जमला होता.

चढावर टायर कसा वाटला असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं तर चढावर टायर जाणवत नाही. गणितात सहा वॅट आहेत, पायाला ते वेगळे कळत नाहीत. जाणवतो तो पाचगणी ते महाबळेश्वरच्या चढ-उताराच्या वीस किलोमीटरमध्ये, जिथे उतारावरचा वेग पुढच्या चढात किती लांब टिकतो यावर सगळं असतं. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे बसलेलो असताना मला इतरांपेक्षा लवकर पायडल थांबवावं लागत होतं, नाहीतर पुढच्याच्या चाकावर चढलो असतो. त्यात ड्राफ्टचा (पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागण्याचा) वाटा आहेच, पण जुन्या टायरवर त्याच लोकांसोबत असं होत नव्हतं.

आणि मग केळघर. इथे मला हा टायर मनापासून आवडला. वळणं आवळलेली, सकाळी दहाच्या आसपास काही वळणं सावलीत ओलसर तर काही कोरडी, मध्येच पॅच मारलेला रस्ता आणि पॅचवरची सुटी बारीक खडी. २८ चा टायर माझ्या रिमवर मोजला तर २९ च्या थोडा वर भरतो, ६२ च्या हवेत वळणात तो असा बसतो की हँडलबारमधून रस्ता वाचता येतो. घसरायच्या आधी थोडी सूचना देतो, एकदम सुटत नाही. एका वळणात खडीवर मागचं चाक बोटभर सरकलं आणि लगेच धरलं. मी उतारावर धाडसी माणूस नाही, पण त्या दिवशी ब्रेक कमी वापरले गेले, आणि ब्रेक कमी वापरले की खाली आल्यावर ग्रुप सापडतो, ताकद वाचते. पसरणीला गमावलेला वेळ मी केळघरला बऱ्यापैकी भरून काढला. हौशी रेसमध्ये लोक चढाचीच प्रॅक्टिस करतात, उतारावरच्या भरवशाचे मिनिटं कुणी मोजत नाही.

मेढा ते सातारा, कण्हेर धरणाच्या बाजूने, समोरून वारा. आमच्या ग्रुपमध्ये पाळीपाळीने पुढे येत काम केलं, दोघं गळाले. शेवटच्या पाच किलोमीटरला शेजारच्या रायडरचा टायर बाजूच्या भिंतीत फाटला, दुसऱ्या ब्रँडचा होता पण मुद्दा ब्रँडचा नाही, दगडाची धार बाजूने लागली की कुठलाही हलका रेस टायर फाटतो, हा पण फाटेल. वर म्हटलं ना, व्हेक्ट्रनचा पट्टा बाजूला नसतो. त्याच्याकडे प्लग होता, बाजूच्या चिरेत प्लग टिकत नाही, त्याला गाडीत बसून यावं लागलं, फार वाईट वाटलं कारण दिवसभर सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं होतं. मी माझ्या वयोगटात पहिल्या दहात आलो, माझ्यासाठी चांगला निकाल.

तर कुणी घ्यावा. वर्षातून चार-पाच रेस, क्लबची फास्ट राइड, चांगल्या रस्त्यावरचे घाट, यासाठी डोळे झाकून. रोज ऑफिसला जायला, पावसाळ्यात ताम्हिणीत, किंवा कच्च्या रस्त्याचे तुकडे असलेल्या लांब ब्रेव्हेला (ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) मी हा लावणार नाही, तिथे त्यांचाच ऑल सीझन ट्यूबलेस येतो तो बघा, किंवा गेटरस्किनसारखा जाड टायर आणि ट्यूब. मी तेच करतो, ट्रेनिंगची चाकं वेगळी, त्यावर जाड टायर, आणि एस टीआर रेसच्या आठवड्यातच चढतो. वेगळी चाकं नसतील तर फक्त टायर बदलत बसणं ट्यूबलेसमध्ये कटकटीचं आहे, सीलंटचा राडा होतो, मग सीझनभर हाच ठेवा आणि ट्रेडमध्ये दोन बारीक खळगे असतात ते बुजले की बदला. मागचा लवकर झिजतो. पुढचा झिजेपर्यंत वाट न बघता पुढचा मागे आणि नवा पुढे असं करा, वळणात पुढचं चाक गेलं तर सावरता येत नाही.

व्हिटोरियाचा कोर्सा मित्राकडे आहे, कॉटनच्या कापडामुळे तो अजून मऊ लागतो, चालवायला फार गोड आहे, पण आपल्या उसाच्या रस्त्यांवर मी हाच घेईन. ग्रुपवर कालच एकाने विचारलंय २८ घेऊ का ३०. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर ३० घ्या, हवा अजून पाच पीएसआय कमी चालेल. माझ्या फ्रेममध्ये मागे २८ च जेमतेम बसतो, रिमवर फुगून २९ होतो आणि चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळीला) चार एमएम उरतात, म्हणून मी पुढे ३० आणि मागे २८ असं करून बघणार आहे, मागवलाय, आला की मोजून सांगतो.